नवोन्मेष धोरणात डिझाइन पद्धतींचे नेमके काम कोणते?

शिसपेन्सिल

संशोधन आणि नवोन्मेष यांविषयीच्या सरकारी दस्तऐवजांत 'डिझाइन' हा शब्द आता वरचेवर भेटतो. तिथे तो खुर्चीबद्दल किंवा मोबाइलच्या पडद्याबद्दल नसतो. हवामानबदल, वृद्धांची शुश्रूषा, शहरी वाहतूक, मातीचा कस अशा प्रश्नांच्या शेजारी तो येऊन बसलेला असतो. मी डिझाइन शिकलो आणि पुढे बरीच वर्षे सार्वजनिक सेवांच्या कामात राहिलो. आपल्या विषयाचा मान वाढला याचा आनंद मला व्हायला हवा, पण तो पुरता होत नाही, कारण या शब्दाकडून नेमके कोणते काम अपेक्षित आहे हे त्या दस्तऐवजांत क्वचितच लिहिलेले असते. त्यावर येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. १९४५ मध्ये अमेरिकेच्या युद्धकालीन वैज्ञानिक संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हर बुश यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जो अहवाल दिला, त्याचा गाभा असा होता की सरकारने मूलभूत संशोधनाला पैसा पुरवावा आणि विषय निवडण्याचे काम वैज्ञानिकांवर सोडावे. उद्योग, आरोग्य आणि रोजगार यांना त्याची फळे यथावकाश मिळतील. १९८० च्या दशकापासून दुसरी मांडणी पुढे आली. ज्ञान आपोआप झिरपत नाही, विद्यापीठे, कंपन्या, वित्तसंस्था आणि सरकार यांच्यातील दुवे घट्ट करावे लागतात, असे ती सांगते. योहान शॉट आणि एडवर्ड स्टाइनम्युलर या नवोन्मेष-अभ्यासकांनी २०१८ मध्ये या दोन्ही चौकटींच्या पुढे तिसरी चौकट मांडली. तिच्यात नवोन्मेष किती झाला यापेक्षा तो कोणत्या दिशेने झाला हे महत्त्वाचे ठरते, कारण प्रदूषण आणि विषमता हीसुद्धा नवोन्मेषाचीच अपत्ये आहेत.

युरोपात हे वळण स्पष्ट दिसते. २००९ च्या लुंड जाहीरनाम्याने संशोधनाला मोठ्या सामाजिक आव्हानांकडे वळवण्याची मागणी केली. २०१४ ते २०२० या काळातील युरोपीय संघाच्या 'होरायझन २०२०' या संशोधन-निधी कार्यक्रमात अशी ७ आव्हाने नमूद झाली. अर्थशास्त्रज्ञ मारियाना माझुकाटो यांच्या २०१८ च्या अहवालानंतर पुढच्या कार्यक्रमात ५ 'मिशन', म्हणजे ठरावीक मुदतीचे मोठे लक्ष्य गाठण्याच्या मोहिमा, आली. त्यांतील एक मिशन २०३० पर्यंत १०० शहरे हवामान-तटस्थ करण्याचे आहे. अशा मोहिमांसाठी चांद्रमोहिमेचा दाखला हमखास दिला जातो. चंद्रावर माणूस उतरवू शकणारा देश आपल्याच शहरांतील गरीब वस्त्यांचे प्रश्न का सोडवू शकत नाही, असा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड नेल्सन यांनी १९७७ मध्येच विचारला होता. माझे साधे उत्तर असे की चंद्रावर हरकत घ्यायला कोणी राहत नव्हते.

डिझाइन पद्धतींचा प्रवेश इथे होतो. दिशा ठरवायची असेल तर आधी प्रश्न कोणाचा आणि तो कोणत्या शब्दांत मांडायचा हे ठरवावे लागते. समजा, वयोवृद्ध माणसे रुग्णालयात पुन्हापुन्हा दाखल होत आहेत. हा खाटांचा तुटवडा मानला तर पैसा बांधकामाकडे जाईल. औषधे चुकण्याचा प्रश्न मानला तर तो आठवण करून देणाऱ्या यंत्रांकडे जाईल. घरी एकटे पडण्याचा प्रश्न मानला तर तो शेजार, घरबांधणी आणि बसमार्ग यांच्याकडे जाईल. तिन्ही मांडण्या आकडेवारीशी सुसंगत असू शकतात. यांतील कोणती धरावी हे केवळ तक्त्यांवरून कळत नाही; त्या माणसाच्या घरात बसून, त्याचा दिवस पाहून, एखादा कच्चा नमुना त्याच्या हातात देऊन आणि तो कुठे मोडतो ते पाहून थोडेफार कळते.

म्हणून माझे मत असे आहे की धोरणात डिझाइन पद्धतींची खरी जागा दोन टोकांना आहे. पहिले टोक प्रश्न मांडण्याचे, जेव्हा निधीची शीर्षके अजून ठरलेली नसतात. दुसरे टोक अंमलबजावणीचे, जेव्हा अर्ज, रांग, यंत्र आणि कर्मचारी यांच्याशी नागरिकाची गाठ पडते. आज मात्र या पद्धतींना बहुतेक वेळा मधल्या टप्प्यावर बोलावले जाते. तेव्हा प्रश्न ठरलेला असतो, निधीचे वाटप ठरलेले असते, आणि डिझाइनरकडून फक्त 'नव्या कल्पना' हव्या असतात. कल्पनांचा दुष्काळ मला तरी कुठल्याच बैठकीत दिसलेला नाही.

जुना वाचक

मांडणी आवडली, परंतु तुमच्या पहिल्या टोकाखालीच एक भेग आहे आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

डिझाइनवाले ज्या लेखाला आपले मूळ मानतात, तो हॉर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांचा १९७३ चा लेख मुळात नियोजनाविषयी आहे. काही प्रश्न गणितातल्या कोड्यासारखे नसतात, हे त्यांनी १० लक्षणे देऊन सांगितले. त्यांच्या 'विकेड' या मूळ विशेषणाचे 'दुष्ट' हे भाषांतर मला पटत नाही, कारण त्या प्रश्नांच्या मनात कसलाही हेतू नसतो. 'गुंतवळ' हा आपला शब्द अधिक जवळचा वाटतो. एक केस ओढला की गाठ दुसरीकडे आवळते. अशा प्रश्नाची मांडणी आणि त्याचे उत्तर वेगळे करता येत नाहीत, हे पहिले लक्षण डिझाइनरांना फार प्रिय आहे आणि तुमचे रुग्णालयाचे उदाहरण त्याचेच आहे.

मात्र त्याच यादीतले आणखी एक लक्षण सोयीस्करपणे विसरले जाते. गुंतवळीवर केलेला प्रत्येक उपाय एकदाच करता येतो. प्रत्येक कृतीचे परिणाम मागे उरतात, त्यामुळे करून पाहू आणि चुकल्यास पुसून टाकू अशी सोय तिथे नसते. नियोजनकाराला चुकण्याचा अधिकार नाही, असेही ते दोघे म्हणतात. आता डिझाइनचा सगळा भर नमुना करून, मोडून, पुन्हा करण्यावर आहे. म्हणजे ज्या लेखाच्या आधारावर या पद्धती सामाजिक प्रश्नांत शिरल्या, तोच लेख त्यांच्या मुख्य हत्याराविषयी शंका घेतो. फोमचे मॉडेल फेकून देता येते, पण एका वस्तीत सहा महिने चालवून बंद केलेली सेवा तशी फेकता येत नाही; तिथल्या लोकांनी तोपर्यंत आपली जुनी व्यवस्था मोडलेली असते.

शिवाय इतिहास पाहिला तर हा उत्साह दुसऱ्यांदा आलेला आहे. १९६२ मध्ये लंडनला डिझाइन पद्धतींवरची परिषद भरली, तिच्यातून एक चळवळ उभी राहिली, आणि तिचे दोन मोठे प्रवर्तक ख्रिस्तोफर अलेक्झांडर व जॉन ख्रिस जोन्स यांनी १९७० च्या दशकात स्वतःच तिच्याकडे पाठ फिरवली. पद्धत हेच साध्य होऊन बसते, असे त्यांना वाटू लागले होते. आधी प्रश्न आणि मग उत्तर, दोन्ही आधी विस्तारून मग आवळायचे असे सांगणाऱ्या आजच्या 'दुहेरी हिऱ्या'च्या आकृत्या पाहताना मला त्यांची आठवण येते.

हिशेबनीस

मला या चर्चेत परिणामांचा पुरावा दिसत नाही. प्रश्न नव्याने मांडला, एवढ्याने कोणाचे काय भले झाले हे मोजता येत नसेल तर करदात्याने त्यासाठी पैसे का द्यावेत?

कल्पक डिझाइनला धोरणाचा आणि निधीचा पाठिंबा मिळाल्यावर काय होऊ शकते याचे उदाहरण म्हणजे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला 'प्लेपंप'. मुलांनी गोल फिरणाऱ्या पाळण्यावर खेळायचे, त्या फिरण्याने विहिरीचे पाणी वरच्या टाकीत चढायचे, आणि टाकीवरच्या जाहिरातींतून देखभालीचा खर्च निघायचा. कल्पना इतकी देखणी होती की २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि काही प्रतिष्ठाने यांनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा केली, आणि २०१० पर्यंत ४,००० पंप बसवण्याचे लक्ष्य ठेवले गेले. ठरवलेल्या लोकसंख्येला पुरेसे पाणी मिळायचे असेल तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब ब्रिटनच्या 'गार्डियन'ने २००९ मध्ये मांडला. मुले शाळेत गेली की तो जड पाळणा बायकांना हाताने ढकलावा लागे; काही ठिकाणी तर चालू हातपंप काढून त्या जागी तो बसवला गेला होता. साधा भागाकार कोणीच केला नव्हता.

याउलट फिनलंडचा मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग पाहा. २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षे, यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो, आणि तुलनेसाठी बाकीचे बेरोजगार. परिणाम नेमका सांगता आला: रोजगाराच्या दिवसांत सरासरी सुमारे ६ दिवसांची वाढ, आणि मानसिक स्वास्थ्यात व संस्थांवरील विश्वासात सुधारणा. मला याला पद्धत म्हणावेसे वाटते.

शिसपेन्सिल

हिशेबनीस, प्लेपंपाचा दाखला मला मान्य आहे. त्याविषयी लाज वाटावी असे आमच्या क्षेत्रात बरेच आहे. तरी त्याच्या शेजारी दुसरा एक पंप ठेवून पाहू या, कारण पाणी तेच आणि जोरही माणसाचाच, तरीही निकाल वेगळा लागला.

१९७० च्या दशकात भारतात युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात हजारो विंधनविहिरी खोदल्या गेल्या आणि त्यांच्यावरचे बहुसंख्य पंप लवकरच बंद पडलेले आढळले. ते बिडाचे पंप युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबासाठी कल्पिलेल्या पंपांच्या नकला होत्या. इथे शेकडो माणसे दिवसभर तो दांडा दाबत होती. सोलापूर आणि जालना येथील ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी दुरुस्ती करता करता पोलादी, एका खुंटीवर फिरणारा, साखळीने दट्ट्या ओढणारा पंप आधीच तयार केला होता. त्या सोलापूर पंपावरून 'इंडिया मार्क २' घडवला गेला. पुढे जे झाले ते मला त्या यंत्रापेक्षाही महत्त्वाचे वाटते. त्याचे पेटंट घेतले गेले नाही, त्याचे राष्ट्रीय मानक ठरले, कारखान्यांतून निघणाऱ्या पंपांची तपासणी होऊ लागली, आणि गावातला माणूस, तालुक्याचा यांत्रिक व जिल्ह्याचे फिरते पथक अशी देखभालीची उतरंड रचली गेली. ती उतरंड पुरी पडत नाही असे दिसल्यावर मूळ रचनाच बदलून 'मार्क ३' करण्यात आला. त्याचा दट्ट्या आणि खालची झडप वरची नळी न उपसता बाहेर काढता येते, म्हणजे फिरत्या पथकाची वाट पाहावी लागत नाही.

मी या सगळ्याला डिझाइन म्हणतो, आणि धोरणही म्हणतो. मानकपत्र, खरेदीची अट, तपासणी आणि पाना कोणाच्या हाती असेल याचा निर्णय हे सारे एकाच वस्तूचे भाग होते. प्लेपंपात वस्तू कल्पक होती आणि तिच्या भोवतीची व्यवस्था जाहिरातदारांच्या भरवशावर सोडलेली होती.

फिनलंडविषयी एक मुद्दा. तो प्रयोग उत्तम होता, पण प्रयोगाचा प्रश्न आधी ठरलेला असावा लागतो. ५६० युरो दिल्यास काय होते, हे त्यातून कळले. बेरोजगार माणसाला मुळात कशाने अडवले आहे, हे त्यातून कळणे अपेक्षितच नव्हते. शिवाय जानेवारी २०१८ मध्ये बेरोजगारांसाठी नवे सक्तीचे नियम लागू झाले आणि दुसऱ्या वर्षाचे निष्कर्ष गढूळ झाले. धोरणाच्या प्रयोगशाळेची खिडकी नेहमी उघडीच असते. नमुना हा पुरावा नसतो आणि प्रयोग हे शोधाचे साधन नसते. दोघांचा क्रम उलटा लागला की दोन्ही वाया जातात.

चौथा_मजला

मी सरकारी बाजूने अशा कार्यशाळांना बसलो आहे, म्हणून थोडे आतले सांगतो. खात्याचे नाव सांगण्याची गरज नाही.

दोन दिवसांच्या कार्यशाळेत भिंती रंगीबेरंगी चिठ्ठ्यांनी भरल्या. नागरिक आले, कर्मचारी आले, प्रवासाचे नकाशे काढले गेले, आणि खरोखर एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली: ज्या अर्जाची प्रक्रिया आम्ही डिजिटल करायला निघालो होतो, तो अर्जच बहुतांश लोकांच्या बाबतीत अनावश्यक होता, कारण ती माहिती आमच्याच दुसऱ्या कार्यालयाकडे होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंतर कळले की संगणक प्रणालीची निविदा दोन महिन्यांपूर्वीच निघाली होती आणि तिच्यात त्या अर्जाचे २३ रकाने जसेच्या तसे लिहिलेले होते. अर्ज रद्द करायचा तर निविदा रद्द करावी लागली असती, आणि तिच्यावर सही कोण करणार? आज तो अर्ज उत्तम दिसतो आणि मोबाइलवरही भरता येतो.

त्यामुळे 'मधल्या टप्प्यावर बोलावले जाते' हे शिसपेन्सिल यांचे निरीक्षण शंभर टक्के खरे आहे. फक्त त्याचे कारण अज्ञान नसून आर्थिक वर्षाचे वेळापत्रक आहे. प्रश्न शोधण्यासाठी खर्च दाखवायला आमच्याकडे लेखाशीर्षच नाही. वस्तू घेण्यासाठी आहे, सल्लागार नेमण्यासाठी आहे, प्रशिक्षणासाठी आहे. 'आम्हाला काय हवे आहे हे अजून माहीत नाही' या वाक्यावर कोणताही लेखापाल पैसे सोडत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडले नसते.

रेषेपलीकडे

सगळ्यांचे मुद्दे मान्य करूनही सत्तेचा मुद्दा राहून गेला असे वाटते.

लोकांना सोबत घेऊन डिझाइन करण्याची परंपरा सल्लागार कंपन्यांनी निर्माण केलेली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतील लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेने संगणकतज्ज्ञ क्रिस्टेन न्यूगोर यांच्यासोबत काम सुरू केले, ते कारखान्यात येऊ घातलेल्या संगणकांविषयी कामगारांना स्वतःचे मत आणि वाटाघाटींचे बळ मिळावे म्हणून. १९८० च्या दशकात छपाई कामगारांसोबत झालेल्या 'युटोपिया' प्रकल्पात पुठ्ठ्याचे खोके आणि लाकडाचे तुकडे वापरून भावी यंत्रांचे नमुने केले गेले. पुठ्ठा तेव्हाही होता, आजही आहे. फरक इतकाच की त्या पुठ्ठ्यामागे संघटना आणि करार होते, म्हणून 'हे आम्हाला नको' हे वाक्य बंधनकारक ठरू शकत होते. सहभाग ८ पायऱ्यांच्या शिडीवर असतो हे शेरी अर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये दाखवले. सल्लामसलत तिच्या मधल्या पायऱ्यांवर आहे आणि तिथे लोकांचे ऐकले जाते, पण ऐकण्याची सक्ती कोणावरच नसते. आजच्या बहुतेक सहनिर्मितीच्या कार्यशाळा त्याच पायरीवर थांबतात.

म्हणून वृद्धांच्या उदाहरणात 'त्याच्या घरात बसून पाहावे' हे वाक्य मला खटकले. पाहणारा आपण आणि मांडणारेही आपणच. त्या वृद्धाने तुमची मांडणी नाकारली तर निधीच्या कागदावर काय बदलते?

शिसपेन्सिल

काहीच बदलत नाही, हे प्रामाणिक उत्तर. त्या वाक्यातला 'पाहावे' मी मागे घेतो. तुमच्या आणि जुना वाचक यांच्या हरकती एकाच जागी येऊन मिळतात असे आता वाटते. गुंतवळीवरचा नमुना हा खराखुरा हस्तक्षेप असतो, आणि म्हणून त्याची किंमत ज्याला मोजावी लागणार त्याच्याकडे तो थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे.

स्वीडनच्या 'विनोवा' या नवोन्मेष संस्थेने डॅन हिल यांच्या काळात केलेले काम यासाठी उपयोगी पडेल. रस्त्यांचे भवितव्य हा अवाढव्य प्रश्न त्यांनी पार्किंगच्या एका जागेएवढा लहान केला. लाकडी सुटे भाग त्या जागेत बसवायचे, बसायला बाक, झाडे, सायकली, काय हवे ते त्या रस्त्यावरच्या रहिवाशांनी आणि शाळकरी मुलांनी ठरवायचे. २०२० मध्ये स्टॉकहोममध्ये त्याची सुरुवात झाली. रस्ता खणलेला नसतो, त्यामुळे भाग हलवता येतात, वाढवता येतात, उचलून नेता येतात. मागे काहीच उरत नाही असे मी म्हणणार नाही, कारण गाडी लावणाऱ्याची चीड उरते आणि मुलांची सवयही उरते. तरी माघार घेण्याचा खर्च इथे मुद्दाम कमी ठेवलेला आहे, आणि रिटेल यांच्या आक्षेपाला देता येण्यासारखे एवढेच उत्तर मला दिसते. वृद्धाच्या शुश्रूषेत असे लाकडी सुटे भाग कोणते, हे मला अजून सांगता येत नाही.

जुना वाचक

उत्तर पटले, पण अर्धेच. ज्या प्रश्नांत माघार स्वस्त करता येते ते प्रश्न तुलनेने सोपे असतात. पेन्शन, वीजजाळे किंवा धरण यांच्याबाबत ही युक्ती चालणार नाही, आणि तिथे डिझाइन पद्धतींनी नम्रपणे मागच्या बाकावर बसावे. डेन्मार्कचा 'माइंडलॅब' २००२ मध्ये मंत्रालयाच्या आतच सुरू झाला, जगभर त्याचे अनुकरण झाले, आणि २०१८ मध्ये तो बंद करून त्याच्या जागी डिजिटल बदलांसाठी नवे पथक नेमण्यात आले. माघार स्वस्त असण्याची दुसरी बाजू ही की अशी प्रयोगशाळा बंद करणेही तितकेच स्वस्त असते.

हिशेबनीस

हातपंपाचे उदाहरण मला मान्य आहे, कारण किती पंप चालू आणि किती बंद हे तिथे कोणीतरी मोजले होते आणि त्या मोजणीनंतर रचना बदलली. मग मागणी अशी करू या की प्रत्येक नमुन्याआधी काय दिसल्यास तो थांबवायचा हे आकड्यात लिहून ठेवावे.

रेषेपलीकडे

आणि तो आकडा कोणी लिहायचा, हेही.

चौथा_मजला

कागदावर हे बसवता येईल. निविदेत वस्तूचे वर्णन करण्याऐवजी दोन टप्पे ठेवायचे. पहिला टप्पा लहान रकमेचा, त्याचा निकाल 'पुढे जाऊ नये' असा आला तरी ठेकेदाराला पूर्ण मोबदला, आणि दुसऱ्या टप्प्याची रक्कम तोपर्यंत खुली. थांबण्याची शिफारस वापरकर्त्यांच्या समितीकडून आली तर खात्याला तिचे कारणासह लेखी उत्तर देणे बंधनकारक. एका लहान कामात मी असा मसुदा वर पाठवला होता. पहिल्या टप्प्याची अट मंजूर झाली. समितीच्या परिच्छेदापुढे पेन्सिलने 'चर्चा करावी' असा शेरा आला, आणि ती फाइल अजून माझ्याच टेबलावर आहे.